बँड का थांबला, तेही छापा

मा. संपादक,
स. न.

एक-दोन अल्बमांतच आटोपलेल्या ब्रिटिश बँडविषयी आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत लेख आला होता. त्यात शेफिल्डच्या ‘द लाँग ब्लाँड्स’चे नाव दिसले आणि हातातला चहा निवेपर्यंत मी तो लेख वाचत बसले. मराठी दैनिकात हे नाव कधी वाचायला मिळेल असे वाटले नव्हते. पण या बँडच्या वाट्याला जेमतेम तीन ओळी आल्या आहेत, आणि त्यांचा मथितार्थ एवढाच की दुसरा अल्बम आपटला आणि मंडळी पांगली. हे बरोबर नाही, म्हणून हे पत्र.

मी २००६ ते २००८ फिजिओथेरपीच्या पुढच्या शिक्षणासाठी शेफिल्डला होते. त्या गावात तेव्हा वेगळेच वारे होते. तिथल्याच ‘आर्क्टिक मंकीज’चा पहिला अल्बम जानेवारी २००६ मध्ये आला आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या साडेतीन लाखांहून जास्त प्रती खपल्या. त्यामुळे गिटार खांद्याला लावून रस्त्याने चाललेल्या प्रत्येक पोराकडे लोक जरा निरखून बघत. लाँग ब्लाँड्स मात्र त्या लाटेवर आलेले नव्हते. ते २००३ पासूनचे. तीन मुली आणि दोन मुलगे: गायला केट जॅक्सन, गिटारवर डोरियन कॉक्स, बास गिटारवर रीनी हॉलिस, कीबोर्ड आणि गिटारवर एमा चॅपलिन आणि ड्रमवर स्क्रीच लाउडर असे भन्नाट टोपणनाव घेतलेला पाचवा गडी. बँड काढायचे आधी ठरले, वाद्ये नंतर हातात आली. वर यांनी जाहीरच करून टाकले होते की बीटल्स, रोलिंग स्टोन्स, हेंड्रिक्स, डोअर्स आणि डिलन आम्ही ऐकत नाही. (आपल्याकडे एखाद्या नवख्याने भीमसेन आणि कुमार ऐकत नाही म्हटले असते, तर आपल्याच पत्रव्यवहाराच्या सदराला महिनाभर खाद्य मिळाले असते.)

छोट्या छोट्या कंपन्यांकडून एकेक सिंगल काढत त्यांनी तीन वर्षे काढली. फेब्रुवारी २००६ मध्ये ‘एनएमई’ या संगीत साप्ताहिकाचा नव्या बँडसाठीचा फिलिप हॉल रडार पुरस्कार मिळाला, तोपर्यंत मोठा करार झालेला नव्हता. मग ‘रफ ट्रेड’ने, म्हणजे ज्या कंपनीने पूर्वी ‘द स्मिथ्स’चे रेकॉर्ड काढले तिने, त्यांना घेतले. नोव्हेंबर २००६ मध्ये ‘समवन टू ड्राइव्ह यू होम’ आला. निर्माता होता शेफिल्डच्याच ‘पल्प’चा बासवादक स्टीव्ह मॅकी. मुखपृष्ठावरचे चित्र केटनेच काढलेले. ब्रूमहिलमधल्या रेकॉर्ड कलेक्टर या दुकानातून घेतलेली ती सीडी अजून माझ्याकडे आहे, वेष्टणाला तडा गेलाय एवढेच.

त्या गाण्यांत काय होते? भाड्याच्या खोल्या, शनिवारची रात्र, मोटरवे, जुन्या सिनेमांतल्या नट्या, आणि दुसऱ्याच्या नवऱ्यावर जीव जडलेल्या बायका. एका गाण्यात मोठी बाई एकोणीस वर्षांच्या मुलीला बजावते, अगं एवढ्यात तुला मित्र कशाला हवा? गंमत म्हणजे यातले बहुतेक शब्द डोरियनचे, म्हणजे पुरुषाचे, आणि ते तोंडात घोळवून म्हणणारी केट. माझ्या इंग्लिश मैत्रिणींना याचे नवल वाटायचे. मला नाही वाटले. रामजोशी, होनाजी बाळा यांनी बाईच्या मनातले लिहायचे आणि फडावर बाईने ते अदा करायचे, हे आपल्याला नवे नाही.

आता तो ‘आपटलेला’ अल्बम. एप्रिल २००८ मध्ये आलेल्या ‘कपल्स’चा निर्माता लंडनचा डीजे एरॉल अल्कन होता. त्यात गिटार मागे गेली, सिंथेसायझर पुढे आला. काही समीक्षकांनी नाके मुरडली, काहींना तोच जास्त आवडला. मला स्वतःला पहिलाच प्रिय. पण ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत पहिल्या चाळिसांत दोघांपैकी एकही अल्बम गेलेला नव्हता. मग पहिला यश आणि दुसरा अपयश हा हिशेब आपल्या लेखकाने कुठून काढला?

खरे कारण बँडने स्वतःच ऑक्टोबर २००८ मध्ये सांगितले होते. निवेदन डोरियनचे होते. जूनमध्ये आपल्याला पक्षाघाताचा झटका आला, पुन्हा गिटार कधी वाजवता येईल, किंवा येईल की नाही, हे माहीत नाही, म्हणून थांबतो आहोत, असे त्यात सरळ लिहिले होते. दुसरा अल्बम बाजारात येऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. कार्यक्रमांना आलेल्यांचे आणि नाचलेल्यांचे आभारही त्याने मानले होते.

मी हे एवढे का धरून बसले आहे? नाशिकला माझ्याकडे एक तबलावादक येत असत. अंगावरून वारे गेले तेव्हा वय चाळिशीच्याही आत. आधी खांदा हलला, मग कोपर, तीन महिन्यांत कप उचलून चहा घेऊ लागले. घरचे म्हणाले, झाले की बरे. पण ‘तिरकिट’ काही निघेना. बोटे सर्वांत शेवटी येतात, आणि आली तरी प्रत्येक बोटाने वेगळे आणि वेळेवर चालणे ही फार पुढची गोष्ट असते. गिटारच्या पट्टीवरही तेच. बाहेर मात्र बोलले गेले की बुवांनी रियाज सोडला, आळस आला, नव्या पोरांपुढे टिकले नाहीत. समोर हे ऐकून ते नुसते हसत. पुढे त्यांनी मैफिलींना जाणेच बंद केले.

तरुणांना पक्षाघात होत नाही, हा समज आजही माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या घरांत आढळतो. रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि ते तास ‘ॲसिडिटी असेल’, ‘झोप झाली नसेल’ म्हणण्यात जातात. असो, तो वेगळ्या पत्राचा विषय.

मंडळी पांगली म्हणून गप्प बसली असेही नाही. केट जॅक्सनने २०१६ मध्ये ‘स्वेड’ या बँडचा पूर्वीचा गिटारवादक बर्नार्ड बटलर याच्याबरोबर ‘ब्रिटिश रोड मूव्हीज’ हा अल्बम केला, आणि ती रस्त्यांची, काँक्रीटच्या इमारतींची चित्रे काढते. लेखात याला जागा नव्हती हे समजू शकते. पण कारण तर बरोबर द्यायचे. पुरवणीत चुकीच्या दुरुस्तीची चौकट असते, तेवढी जागा पुरे: महिना जून, वर्ष २००८, कारण पक्षाघात.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट वाचक, नाशिक