रेवू, शेवटची गाडी चुकवू नकोस

अमळनेर, रविवार रात्र

चि. रेवास,
अनेक आशीर्वाद.

पहाटे तू प्रबंधासाठी मतदारांच्या मुलाखती घ्यायला धडगावला निघालीस तेव्हा मी धड बोललेही नाही. आदल्या रात्रीचं डोक्यात होतं. "ॲरिस्टॉटल पाठ करणं म्हणजे राज्यशास्त्र नाही आई, शास्त्र म्हणजे आकडे," असं तू म्हणालीस आणि मी ताट सारून उठले. ते माझं चुकलंच. पप्पा म्हणाले, पत्र लिही, फोनवर दोघी पुन्हा भांडाल. शिवाय वर पाड्यांवर रेंज कुठे असते?

रेंजचं आठवलं की मन तिथेच जातं. संध्याकाळी खाली उतरायला उशीर करू नकोस. धडगावकडे परतणारी शेवटची गाडी किती वाजता, हे आधी विचार आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. बाकी सगळं नंतर.

आता भांडणाचं. ॲरिस्टॉटलसुद्धा जमवणाराच होता गं. त्याने आणि त्याच्या शिष्यांनी 158 राज्यघटनांची माहिती गोळा केली. त्यातली अथेन्सचीच तेवढी हाती लागली, तीही इजिप्तमधल्या पपायरसवर, कुणाच्या तरी शेतीच्या जमाखर्चाच्या पाठकोऱ्या बाजूला उतरवलेली. 1891 साली ती छापून निघाली. राज्य कसं असावं हे सांगणारा माणूस आधी ते कसं आहे याचे कागद जमवत होता. घोकंपट्टी हा आमच्या परीक्षांचा दोष, त्याचा नाही.

विद्यापीठातला स्वतंत्र विषय म्हणून राज्यशास्त्र फार उशिरा उभं राहिलं. 1880 मध्ये बर्जेस नावाच्या प्राध्यापकाने अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात वेगळी शाखा काढली, 1903 मध्ये अमेरिकन राज्यशास्त्रज्ञांची संघटना झाली. (1913 ला बाबासाहेब त्याच कोलंबियात गेले. त्यांचा अर्थशास्त्राचा प्रबंध तिथल्या राज्यशास्त्र विद्याशाखेतच सादर झाला. तुला माहीत असेल, तरी लिहिते.) तेव्हा अभ्यास मुख्यतः घटना, कायदे आणि संस्थांचा. मग शिकागोत मेरियम आणि गॉसनेल या दोन राज्यशास्त्रज्ञांनी 1923 च्या महापौर निवडणुकीत मत न दिलेल्या सुमारे 6,000 जणांना गाठून विचारलं, का नाही दिलं? कारणांच्या यादीत 'नवऱ्याचा विरोध' असाही एक रकाना होता. रेवू, तो रकाना नवऱ्यासमोर दारात उभं राहून भरता येत नाही. बायांना हापशीवर गाठ, दळणाला निघाल्या की त्यांच्यासोबत चाल.

पुढच्या वर्षी गॉसनेलने मतदार नोंदणीची पत्रं काहींना पाठवली, काहींना मुद्दाम पाठवली नाहीत, आणि फरक मोजला. ती पत्रं पोलिश, चेक, इटालियनमध्येही छापली होती. तुझी प्रश्नावली नुसती मराठीत आहे. एकाकडून ती तिथल्या पावरी बोलीत करून घे, आणि मूळ न दाखवता दुसऱ्याकडून परत मराठीत. जिथे जुळत नाही तो प्रश्न बदल.

यादीचं नीट ऐक. केंद्राच्या मतदार यादीत 840 नावं असतील आणि तुला 28 हवी असतील, तर अंतर 30. 1 ते 30 मधला एक आकडा चिठ्ठी टाकून काढ. 17 निघाला तर 17, 47, 77 असं पुढे जा. माणूस घरी नाही म्हणून शेजारच्याला धरायचं नाही, तीनदा जायचं. दिवसा घरी सापडतात ती म्हातारी माणसं. रानात गेलेले सुटले की सगळा नमुना म्हाताऱ्यांकडे झुकतो. दिवाळीनंतर ऊसतोडीला, गुजरातेत गेलेले तर तीनदा जाऊनही भेटणार नाहीत. त्यांच्या नावापुढे 'स्थलांतर' लिही, जागा रिकामी सोडू नकोस. 1936 मध्ये, आपल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं त्याच साली, अमेरिकेत अध्यक्षाच्या निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट साप्ताहिकाने अंदाजासाठी सुमारे एक कोटी मतपत्रिका धाडल्या. वीस लाखांवर परत आल्या आणि रूझवेल्ट हरणार म्हणून त्यांनी छापलं. तो 48 पैकी 46 राज्यांत जिंकला. पत्ते बहुतेक टेलिफोनवाल्यांचे आणि मोटारवाल्यांचे, त्यातही उत्तर धाडणारे वेगळेच लोक. एवढा मोठा गठ्ठा असून कोण सुटलं हे कुणी पाहिलं नाही. मत कुणाला दिलं हे तोंडी विचारू नकोस. नमुना मतपत्रिका आणि डबा ने, खूण त्याची त्याला करू दे.

तीनदा जा म्हणते, पण तिसरी खेप संध्याकाळची नको. सकाळी सातच्या आत जा, माणसं रानात जायच्या आधी. डिसेंबरात सहाला अंधार पडतो.

बघ, पुन्हा तास घेतला. रागावू नकोस. लिहिताना तू डोळ्यांसमोर आहेस, ओट्यावर सगळ्या पोरींकडून चिंचोके गोळा करून आखाजीच्या सणाला पहिला झोका कुणाचा हे ठरवणारी. काशी तेव्हा तिच्या आईबरोबर शेतात गेली होती. तू तिचा चिंचोका बाजूला ठेवलास आणि ती येईपर्यंत कुणाला झोक्यावर बसू दिलं नाहीस. आजी अजून सांगते. तीच आजी आज चारदा विचारून गेली, "पोर एकलीच गयी का?"

तुमच्या अख्ख्या वर्गात धडगाव निवडणारी तू एकटी. गल्लीत सांगताना माझा आवाज चढतो, आणि घरात आले की पोटात गोळा येतो.

एकच राहिलं. आकड्यांच्या बाजूने जोराने उभा राहिलेला राज्यशास्त्रज्ञ ईस्टन, 1969 ला अमेरिकन राज्यशास्त्रज्ञांच्या त्याच संघटनेचा अध्यक्ष म्हणून बोलला तेव्हा व्हिएतनाम पेटलेलं होतं. तंत्राच्या नेमकेपणापेक्षा समोरच्या प्रश्नाशी नातं महत्त्वाचं, असा त्याच्या म्हणण्याचा गाभा होता. मोजणं सोड असं तो म्हणाला नाही, मीही म्हणत नाही. प्रत्येक मुलाखतीनंतर वहीत दोन ओळी वेगळ्या लिहीत जा, रकान्यात न बसलेल्या. प्रबंधात त्या लागतीलच.

बाळूमामा मंगळवारी शहाद्याला येतोय, तिथून तुझ्याकडे येईल. त्याच्या हाती कळण्याचं पीठ, मिरचीचा ठेचा आणि टॉर्च पाठवतेय. सेल नवे घातलेत. खाली पोचलीस की रोज मावशींच्या फोनवरून एक मिस कॉल दे. बोलली नाहीस तरी चालेल.

तुझी,
आई