कराडला न उतरलेल्या विमानाबद्दल

बारामती,
रविवार, रात्र

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय निघाला की बाबा गप्प होतात आणि आई लगेच भाजी काय केलीस ते विचारते. म्हणून लिहायला बसलेय. वहिनीला वाचायला लावू नका, बाबा, चष्मा लावून तुम्हीच वाचा आणि आईला वाचून दाखवा.

गुरुवारी कराडच्या धावपट्टीच्या कुंपणाशी क्रूझर भरून माणसं आली होती, हे मला नंतर कळलं. मी आईला सहज बोलून गेले होते की विमान घेऊन कराडला एक चक्कर आहे, एकटीनं. त्यावर आत्या कोरेगावहून निघाली, काकांनी रजा टाकली, औक्षणाचं ताट, कंदी पेढे, सगळा सरंजाम! आणि विमान आलंच नाही. "पोरगी वाटेतनंच माघारी फिरली," हे आत्याचं बोलणं माझ्यापर्यंत पोचलंय. तुम्ही एवढंच म्हणालात, "एवढं काय आभाळ नव्हतं की." मला जास्त लागलं ते तुमचं.

कराडला नव्हतंच आभाळ. इथं बारामतीतही ऊन पडलं होतं. आभाळ होतं ते मधल्या डोंगरावर.

मी निघाले, फलटण उजव्या हाताला मागं पडलं, डावीकडे शिखर शिंगणापूरचा डोंगर दिसायला लागला. समोर महादेवाच्या डोंगररांगेवर ढग खाली आला होता. तुमच्या ओळखीची खूण सांगते. मोगराळे घाटाचा रस्ता मला खाली स्पष्ट दिसत होता, त्यावरून जाणारा एक पिवळा ट्रकसुद्धा. रस्ता वळणं घेत वर चढत होता आणि वरच्या वळणांपाशी ढगात शिरून नाहीसा होत होता. त्याच्या जरा उजवीकडे डोंगर आणि ढग यांच्यामध्ये एक फट होती, आणि फटीतून पलीकडच्या माणदेशातलं ऊन दिसत होतं. आमच्या धंद्यात माणसं मरतात ती या फटीत. ऊन दिसतं, वाटतं आत्ता पलीकडे जाऊ. आत शिरल्यावर ढग आणखी खाली येतो, डोंगर वर येतो आणि वळायला जागा उरत नाही.

मी फटीपर्यंत गेलेच नाही. वळले.

तुम्ही म्हणाल, पसरणीच्या घाटात धुक्यात आम्ही रात्री-बेरात्री गाडी काढली, वाहक बॅटरी घेऊन पुढं चालायचा, पण फेरी कधी रद्द केली नाही. ते ऐकत तर मी मोठी झाले. पण बाबा, तुमच्या गाडीला ब्रेक होता. अगदीच काही दिसेना तर कडेला घेऊन थांबायचं, चहा प्यायचा, धुकं उठलं की निघायचं. माझ्या सेसनाला, म्हणजे या छोट्या विमानाला, आभाळात थांबता येत नाही. ताशी साधारण 180 किलोमीटरनं ते जाणार म्हणजे जाणार. म्हणजे समोरचं एक किलोमीटर दिसत असेल तर माझ्या हातात 20 सेकंद आहेत. म्हणून नियमच असा आहे की डोळ्यांच्या भरवशावर उडायचं तर निदान 5 किलोमीटरपर्यंतचं दिसायला हवं, आणि ढगापासून आडवं 1500 मीटर, उभं 300 मीटर लांब राहायला हवं. यालाच आम्ही व्हीएफआर म्हणतो. जमीन, क्षितिज बघत उडायचं. ढगातून उडायचं तर वेगळं प्रशिक्षण, वेगळं रेटिंग म्हणजे लायसन्सवर तशी जादा पात्रता, तशी यंत्रं असलेलं विमान आणि तशी आधी मागितलेली परवानगी लागते.

आईला प्रश्न पडेल की ढगात शिरलं तर होतं काय, ढग मऊच की. ढग काही करत नाही गं. घात करतो तो आपला कान.

कानाच्या आत तीन अर्धगोल नळ्या असतात, त्यांत पाण्यासारखा द्रव असतो. आपण वळलो की तो हलतो आणि मेंदूला कळतं की वळतोय. पण वळण एकसारखं, सावकाश चालू राहिलं तर साधारण 20 सेकंदांत तो द्रवही नळीबरोबर फिरायला लागतो आणि मेंदू म्हणतो, आपण सरळ चाललोय. डोळ्याला क्षितिज दिसत असेल तर डोळा कानाला दामटतो. ढगात क्षितिज नसतं, मग कान सांगेल ते खरं.

हे आमच्या सरांनी मला एकदा वर नेऊन दाखवलं. विमान त्यांच्या हातात. मला म्हणाले, डोळे मीट, मान खाली घाल आणि आपण कसे चाललोय ते सांगत राहा. मी सांगत राहिले: सरळ, सरळ, आता थोडं उजवीकडे, आता परत सरळ. "उघड डोळे." उघडले, तर डावा पंख जमिनीकडे झुकलेला आणि आम्ही चांगलंच डावीकडे वळत होतो. माझी खात्री होती बाबा, नुसता अंदाज नव्हता. विमान किती कललंय ते दाखवणारं समोरचं यंत्र, कृत्रिम क्षितिज, वाकडं दाखवत होतं तरी पहिला विचार आला की हे यंत्रच बिघडलंय. पोटात गोळा आला तो आजही आठवतो.

आता हेच ढगात, एकटीला झालं तर बघा. विमान कलतं, नाक हळूहळू खाली जातं, वेग वाढतो, उंची घटते. वैमानिकाला वाटतं आपण सरळ आहोत, फक्त खाली चाललोय, म्हणून तो कंट्रोल मागं ओढतो. पण विमान कललेलं असल्यामुळे ओढलं की वळण आणखी आवळतं. घिरट्या घेत ते खाली जातं. इंजिन ठणठणीत, पंख शाबूत, पेट्रोल भरपूर, आणि विमान जमिनीत.

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात 1954 साली यावर प्रयोग झाला होता. यंत्रांवर उडायचं शिक्षण नसलेल्या 20 जणांना वर नेलं, बाहेरचं दिसणार नाही अशी व्यवस्था केली आणि विमान हातातून जायला किती वेळ लागतो ते मोजलं. कुणाचं 20 सेकंदांत गेलं, कुणी 480 सेकंद तग धरला. सरासरी 178 सेकंद. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. एकही जण शेवटपर्यंत टिकला नाही. हा आकडा आमच्यात सगळ्यांना तोंडपाठ असतो. पुढचा भाग फारसा कुणी सांगत नाही. प्रयोग मुळात होता तो या लोकांना यंत्रांकडे बघत शांतपणे उलटं वळून बाहेर पडायला शिकवता येतं का, यासाठी. शिकवल्यावर जवळजवळ सगळ्यांना जमलं. ठरलेल्या गतीनं 180 अंश वळायला एक मिनिट लागतं. म्हणजे आत्या ज्याला नावं ठेवतेय, ते माघारी फिरणं हाच आमच्या अभ्यासक्रमातला धडा आहे.

कुन्नूरला जनरल बिपिन रावतांचं हेलिकॉप्टर पडलं तेव्हा, डिसेंबर 2021 मध्ये, तुम्ही टीव्हीसमोर बसून म्हणाला होतात, हवाई दलाचे एवढे कसलेले वैमानिक, त्यांचं कसं काय झालं? तिन्ही दलांच्या चौकशीत निघालं ते हेच. यंत्रात बिघाड नव्हता, घातपात नव्हता. दरीतलं हवामान अचानक बदललं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं, दिशाभान गेलं आणि ते डोंगरावर आदळलं. कसलेल्यांना वेगळा कान नसतो.

पण माझ्या मनात घर करून बसलाय तो दुसरा अपघात. 26 जानेवारी 2020, लॉस एंजेलिसजवळ कॅलाबासस. बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट मुलीला सामन्याला घेऊन निघाला होता. वैमानिक धरून नऊ जण गेले. वैमानिक नवखा नव्हता, ढगातून उडायचं रेटिंग होतं, तो स्वतः शिकवायचा. टेकड्यांवर ढग खाली होता तरी तो पुढं गेला, शिरला, आणि नियंत्रकाला सांगत होता की मी वर चढतोय, तेव्हा हेलिकॉप्टर डावीकडे वळत खाली येत होतं. चौकशी मंडळानं शोधलं की त्याच्यावर कुणी दबाव आणला होता का. कंपनीनं नाही, ब्रायंटनंही नाही. दबाव त्याचा त्यानंच घेतला होता. ज्याला तो नेहमी न्यायचा, ज्याच्याशी घरोबा होता, त्याला वेळेवर पोचवायचं म्हणून. जॉन केनेडींचा मुलगा 1999 च्या जुलैत रात्री धुरकट हवेत विमान समुद्रात कोसळून गेला, तोही चुलतबहिणीच्या लग्नाला निघाला होता. तिकडं माणसं वाट बघत होती.

आता समजलं का मी काय म्हणतेय ते? कुंपणाशी उभ्या असलेल्या माणसांचा मला राग नाही. तुम्ही तिथं आलेले मला माहीत नव्हतं, आणि खरं सांगू, नव्हतं तेच बरं. माहीत असतं तरी वळलेच असते असं मला वाटतं. पण त्या फटीकडे बघताना आईच्या हातातलं ताट डोळ्यांपुढं आलं असतं, आणि तेवढ्यानं आणखी अर्धा मिनिट पुढं गेले असते. अर्धा मिनिट म्हणजे दीड किलोमीटर.

उद्या लायसन्स मिळालं, कुठं चार्टरवर, म्हणजे भाड्याच्या विमानावर लागले, की मागच्या सीटवर साहेब लोक असणार. सभेला उशीर होतोय, मंडपात माणसं ताटकळलीत, बघा काहीतरी करून. आत्याच्या कोरेगावजवळच्या कण्हेरखेडचं ते शिंदे घराणं. त्यातले काँग्रेसचे नेते माधवराव 30 सप्टेंबर 2001 ला कानपूरच्या सभेला निघाले होते, खराब हवेत मैनपुरीजवळ विमान कोसळलं. तो अपघात नेमका याच प्रकारचा होता असं मी म्हणत नाही. पण सभेची वेळ आणि आभाळाची वेळ जुळत नसली तर नाही म्हणायचं काम माझंच असणार. स्वतःच्या आत्याला नाही म्हणता येत नसेल तर साहेबांना कुठून म्हणणार?

तेव्हा एवढं करा. मी उडणार असले की धावपट्टीवर येऊ नका. "किती वाजता उतरणार" हा प्रश्न विचारू नका, मीही सांगणार नाही. उतरले की मीच फोन करीन, आणि कुठं उतरले ते सांगीन. ते ठिकाण ठरलेलंच असेल असं धरून चालू नका. कुणी विचारलं तर सांगा, निघालीय, येईल नाहीतर नाही येणार. आत्या तोंड वाकडं करेल. करू दे.

कराडची चक्कर राहिलीच आहे, ती होईल पुढं कधीतरी, हवा बघून. काल सरांनी वहीत सही करताना नुसतं "हं" म्हटलं. त्यांच्याकडून एवढं खूप झालं.

आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर काकांना सांग, माझ्या येण्याची वाट बघत बसू नकोस. बाबा, बीपीची गोळी सकाळचीच घ्या, आठवण झाली की तेव्हा घेऊ नका.

दिवाळीला येतेय, फलटणवरून एसटीनं. त्या गाडीची वेळ खुशाल विचारा, आणि उशीर झाला तर तुमच्या जुन्या डेपोत जाऊन भांडा.

तुमची,
मनू

ता. क. औंधच्या यमाईला नवस बोललीयस असं वहिनी म्हणाली. फेडायला मी येईन तुझ्याबरोबर. फक्त नवस विमान कराडला उतरण्याचा असेल तर देवीला जरा समजावून सांग.