आधी उलट बाजू बघ

अहमदाबाद

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

रोज फोन होतो, पण बाबांना फोनवर निम्मं ऐकू येत नाही, आणि आई "गॅसवर दूध आहे" म्हणून मध्येच ठेवून देते. म्हणून पत्र लिहितेय. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

गेला आठवडा ज्युरीचा होता. आमच्या टेक्स्टाइल डिझाइनच्या मुलांची ही परीक्षाच, फक्त पेपर नसतो. सहा महिन्यांचं काम भिंतीवर टाचायचं, टेबलावर मांडायचं आणि चार-पाच जणांच्या प्रश्नांना तोंड द्यायचं. आदल्या रात्री कोणी झोपत नाही. मीही नाही झोपले, का ते विचारू नका.

एका मुलाने निळीचं पिंप लावलं होतं, गूळ आणि चुना घालून. आई, तुला बघायला आवडलं असतं. कापड पिंपातून काढलं की पोपटी दिसतं आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होत जातं. तो तीन महिने त्या पिंपाशी बाळंतिणीसारखा वागत होता; झाकण, ऊब, ढवळणं. एकीने छापाचं डिझाइन केलं होतं, फड्या निवडुंगाचं. कागदावर देखणं. सहा मीटर छापून टांगलं तर मधून तिरका पांढरा रस्ता काढल्यासारखा दिसायला लागला. एका ठशात तो दिसतच नाही, ठशाला ठसा लागला की उघडा पडतो. बिचारी रडली, पण हे एकदा झाल्याशिवाय कळत नाही.

खरं सांगायचंय ते तिसऱ्या मुलीचं. तिने विषय घेतला होता आपली सोलापुरी चादर. मी सुचवला नव्हता, तिचा तिनेच. कॉम्प्युटरवर मोर काढला आणि इलेक्ट्रॉनिक जकार्डवर विणून आणला. भोकं पाडलेली कार्डं नाहीत, ती ओवणं नाही, फाइल दिली की मागाचे हुक आपोआप धागे उचलू लागतात. रंग सुरेख होते. सगळे "वा, वा" करत होते. मी उठून कापड उलटं केलं. मागे पाऊण-पाऊण इंचाचे धागे मोकळे लोंबत होते.

बाबा, तुम्हाला एका नजरेत कळलं असतं. आपली चादर दुपदरी. पुढचा रंग मागे गेला की मागच्या पदरात विणला जातो, म्हणून पुढे पांढऱ्यावर लाल मोर तर मागे लालवर पांढरा. हिने मोर उचलला, पदर नाही उचलले. मी विचारलं, "तुझ्या घरी जोडवी कोण घालतं?" सगळे हसले. तीही हसली, मग कापडावर बोट फिरवलं आणि गप्प झाली.

ही खोड आईची. टॉवेलचे गठ्ठे कडा शिवायला घरी यायचे, तेव्हा मशीनखाली घालण्याआधी तू प्रत्येक टॉवेल उलटा करायचीस. खोट निघाली की पैसे तुझे कापायचे, विणणाऱ्याचे नाही. "आधी उलट बाजू बघ" हे मी तुझ्याकडून इतक्यांदा ऐकलंय की वर्गात तसंच मराठीत तोंडातून निघतं. गुजराती मुलंही आता ते म्हणतात.

याच सत्रात मुलांना ॲनी आल्बर्सबद्दल शिकवलं. जर्मनीत बाउहाउस नावाची शाळा होती. तिथे मुलींना बहुतेक विणकामातच ढकलायचे. हिलाही माग नको होता. १९३० साली तिने डिप्लोमाला काय केलं, तर बर्लिनजवळच्या बेर्नाउच्या एका सभागृहासाठी भिंतीवर लावायचं कापड. पुढे सेलोफेन, म्हणजे उजेड परतावा. मागे शेनिल, ते केसाळ मऊ सूत असतं ना, ते, म्हणजे आवाज जिरावा. दोन्ही बाजूंना कामाला लावलं होतं. हे शिकवताना मला सारखी आपली बाहेरची खोली आठवत होती.

एक जुनी गोष्ट राहिलीय. माझ्या स्वतःच्या डिप्लोमाला, त्या दुसऱ्या कॉलेजात, बाबा, तुम्ही तुमच्या कार्डांवरची मोराची चादर पार्सलने पाठवली होती. ज्युरी कशी झाली म्हणून विचारलंत तेव्हा मी "छान" म्हणाले. छान नव्हती झाली. एक जण म्हणाले, हे लॉजच्या खोलीतलं वाटतं. चादरीची घडीसुद्धा कोणी उलगडली नाही. मीही उलगडून दाखवली नाही, ते जास्त लागतं.

आता कामाचं. जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरल्यावर, सहा मुलांना घेऊन आठवडाभर सोलापूरला येतेय. पूर्वभागात माग बघायचे, माणसांशी बोलायचं, सगळं टिपून घ्यायचं. माळ्यावरच्या पेटीतली कार्डं भंगारवाल्याला देऊ नका आणि स्वतः स्टुलावर चढून काढूही नका, बाबा. गेल्या वर्षीचं पुरे झालं. पोरं काढतील. तुम्ही त्यांना पियानो मशीनवर कार्ड कसं पाडायचं ते सांगा, ग्राफची एक ओळ वाचत, बोटांनी टेबलावर वाजवून दाखवायचा तसं. त्यांनी ते मशीन फक्त फोटोत बघितलंय. हिंदीत बोला, हळू बोला.

आई, मुलं लॉजवर राहतील, जेवणही बाहेर. तू ऐकणार नाहीस हे मला माहीत आहे, तर निदान कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर थांब. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर सांग, इथून आणते.

त्या चादरवाल्या मुलीने ज्युरीनंतर पुन्हा बसून दुपदरी नमुना विणलाय. तळहाताएवढा तुकडा पाकिटात घातलाय. जोडव्यावरून दोन्ही बाजूंनी फिरवून बघ आणि अडकतो का ते कळव. ती रोज विचारते.

तुमची
चिमी