माटोळीचं रान

वाळपई, सत्तरी (गोवा)
अनंत चतुर्दशीनंतरचा रविवार

प्रिय बाय,

गणेश चवथीच्या आदल्या दिवशी तुझा फोन मी अर्ध्यावरच ठेवला, राग धरू नकोस. हातात केवणीची साल होती आणि गणपतीच्या वर टांगायची रानफळांची माटोळी अर्धीच बांधून झाली होती. पुण्याला जाऊन तुला वीस वर्षं झाली, म्हणून आठवण करून देते: माटोळी सुतळीने बांधायची नसते. निदान शेजारच्या आयेसमोर तरी नाही. (तीच आये, जिच्या कुळागरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत, आपण जांब चोरायचो. आता कंबरेतून पार वाकलीय, पण जीभ तशीच सरळ.)

केवणीची फांदी ठेचून ती वरची साल काढते, आतला पांढरा धागा वेगळा करते आणि मांडीवर दोनदा घासून असा दोर वळते की नारळांचा घड लटकला तरी तुटत नाही. माझा दोर यंदाही सुटला. बेड्यांची (सुपारीची) शिंपटी थेट गणपतीसमोर येऊन पडली. आये म्हणाली, "इतकीं वर्सां शाळेंत शिकयलें, पूण एक गांठ येना."

शाळेतली नोकरी सुटून तीन वर्षं झाली. लोक विचारतात, आता काय करतेस? मी सांगते, कुंपण राखते. शाळेच्या मागच्या कुंपणाला मी आणि चार बायकांनी मिळून माटोळीची झाडं लावली होती. शेरवाड, कांगोणी, कवंडळाचे वेल, कडेला घागऱ्यो. कारण काय, तर हल्ली माटोळीचं सामान बाजारात विकत मिळतं. त्यात वाईट काही नाही, दोन पैसे गरीब बाईलाच मिळतात. पण तोडणाऱ्याला घाई असते. कांगोणीचे चार घोस हवेत म्हणून अख्खा वेल मुळापासून ओढतात. माट्टीची पाच पंखांची फळं हाताला लागावीत म्हणून फांदीच उतरवतात. म्हटलं, गावात घरापाशीच वाढवू, मुलांना ओळखही होईल.

तिसऱ्या वर्षी कांगोणीला पहिल्यांदा फळ धरलं. हिरवे मण्यांसारखे घोस, आम्ही मोजले, एकवीस. चवथीला पंधरा दिवस असताना गवत कापायचं यंत्र घेऊन दोन मुलगे आले आणि तासाभरात सगळं घोट्यापर्यंत साफ. त्यांचा काय दोष? त्यांना कोणी पाठवलं ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे, पण बोलत कोणी नाही. मीही त्या कचेरीत जाऊन आले. टेबलामागचा माणूस नम्रपणे म्हणाला, "बाई, झाडं कुठे होती तिथे? रान होतं."

त्या उत्तराने मला दोन दिवस झोप नव्हती. आयेला सांगितलं तर ती हसली. "रानच तें. रान म्हणूनच माटोळेक." वाद तिथेच मिटला, निदान तिच्यापुरता. कांगोणीच्या बुंध्याला आता बोटभर फुटवा आलाय. भोवती दगड रचलेत आणि वर लाल फडकं बांधलंय. फडकं बघून लोक देवाचं समजतात आणि लांबून जातात. मी कोणालाच काही सांगत नाही.

तू लिहिलं होतंस, "तू आता पर्यावरणवाली झालीस." नाही गं. ते सोंग मी एकदा करून पाहिलं. 2023 च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात वणवे लागले. इथे अंगणात राख पडत होती. त्यानंतर एका वाड्यावर (वस्तीवर) मी बायकांना जंगल वाचवण्यावर चांगलं अर्धा तास सुनावलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला आणि मग एक जण म्हणाली, "बाई, तुजें सगळें खरें. पूण हो काजू कोणाच्या नांवार, तें पयलीं सांग." मला काय सांगता येणार? सत्तरीत पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या कितीतरी घरांच्या नावावर आजही जमीन नाही. 1999 साली अभयारण्य झालं, तेव्हापासून जंगल म्हटलं की त्यांना आधी ती चिंता आठवते. 2020 च्या जानेवारीत अभयारण्यातल्या गोळावलीत चार वाघ मेलेले सापडले, तेव्हा पणजीतल्या ओळखीच्यांनी मला विचारलं, तुमची माणसं अशी कशी? वाघासाठी मी रडले, खोटं नाही. पण ज्या घरातली दुभती म्हैस वाघ नेतो, त्या घरातल्या बाईची सकाळ कशी असते तेही मी पाहिलंय.

त्या दिवसापासून भाषण बंद. आता बायकांबरोबर रानभाज्या काढायला जाते. पहिल्या पावसात तायकिळो, मग कुडूक, मग अळमी, म्हणजे खायची अळिंबी. रोयणीवरची (वारुळावरची) सगळी अळमी उपटू नका, थोडी उमलू द्या, एवढंच म्हणते. निम्म्या वेळा ऐकतात. रोयण म्हणजे सातेरी देवीच, त्यामुळे तिला कुदळ लावायला कोणी धजत नाही, ते मात्र मला शिकवावं लागलं नाही.

म्हादई नदीच्या पाण्याचं विचारलं होतंस. लवादाच्या 2018 च्या पाणीवाटप निवाड्यातले आकडे तुला तोंडपाठ आहेत: गोव्याला 24 टीएमसी (अब्ज घनफूट), कर्नाटकाला 13.42, महाराष्ट्राला 1.33. इथल्या बायकांचं माप वेगळं. मे महिन्यात नदीच्या डोहात कळशी सरळ बुडते की आडवी करून भरावी लागते, एवढंच त्या बघतात. यंदाच्या मेमध्ये आडवी करावी लागली.

पौषात ये. धालोला, बायकांच्या त्या नाचगाण्याला, मांडावर (ठरलेल्या पवित्र अंगणात) बायका दोन रांगांत समोरासमोर उभ्या राहतात. आमच्या रांगेत एक जागा रिकामी आहे, तुझ्या वयनीचे गुडघे गेले. गाणी विसरली असशील तर नुसती वाक, बाजूची गाईल. पुरुषांना मांडावर प्रवेश नाही, तेव्हा भावजींना घरी ठेवून आलीस तरी चालेल.

तुझीच,
वाळपईवाली

ता. क. पाकिटात कवंडळाच्या बिया आहेत. बाल्कनीत लावू नकोस, वेल शेजारणीच्या ग्रिलवर चढेल आणि फळं खायची नसतात हे तिला समजावत बसावं लागेल. सोसायटीच्या मागे कचराकुंडीपाशी जागा आहे म्हणाली होतीस, तिथे टाक. आणि गवत कापणारा कधी येतो ते आधी विचारून घे.