कुकीजची संमती की संमतीचा देखावा?

महोदय,

संकेतस्थळ उघडताच येणारी ‘सर्व कुकीज स्वीकारा’ ही चौकट आपण न वाचताच मान्य करतो, कारण बहुतेकदा तिची रचनाच तशी असते: स्वीकाराचे बटण ठळक, नकाराचे मात्र दोन पानांआड दडवलेले. कुकी म्हणजे संकेतस्थळाने आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद; १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीतील लू माँटुली यांनी ती तयार केली. लॉगिन टिकणे किंवा खरेदीची यादी लक्षात राहणे तिच्यामुळे शक्य होते, आणि त्याबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही.

प्रश्न आहे तो त्रयस्थ कुकीजचा, म्हणजे उघडलेल्या संकेतस्थळाऐवजी दुसऱ्याच कंपनीने ठेवलेल्या कुकीजचा. एकाच जाहिरात कंपनीचा कोड शेकडो संकेतस्थळांवर बसवलेला असला, की तिने ब्राउझरला दिलेला ओळखक्रमांक प्रत्येक ठिकाणाहून तिच्याकडेच परत जातो, आणि आजाराची माहिती, नोकरीचा शोध, कर्जाची चौकशी अशा एरवी एकमेकींशी संबंध नसलेल्या भेटी एकाच व्यक्तीच्या खात्यावर जमा होतात. त्यासाठी नाव ठाऊक असण्याचीही गरज नसते. आधीच खूण केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. ॲपलच्या सफारी ब्राउझरने २०२० पासून अशा कुकीज सरसकट अडवल्या; गूगलच्या क्रोमने मात्र त्या बंद करण्याची घोषणा करून २०२४ मध्ये माघार घेतली. (जाहिरातींवर चालणाऱ्या कंपनीचाच ब्राउझर असल्यावर निराळे काय होणार!)

नकाराचे बटण स्वीकाराच्या शेजारी, त्याच आकारात असावे आणि ब्राउझरमध्ये एकदा नोंदवलेला नकार सर्व संकेतस्थळांवर बंधनकारक ठरावा, अशी माझी मागणी आहे. तोवर त्रयस्थ कुकीज सेटिंगमध्ये जाऊन वाचकांनी स्वतःच बंद कराव्यात.

– एक वाचक