दुर्बीणवाल्या काकांना, अण्णांच्या वतीने

काका, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. नॉरफकमधल्या क्लाय गावच्या बीचवर दगडगोट्यांच्या बांधाजवळ हिरवी टोपी घालून टेलिस्कोप लावून बसला होतात, मे महिन्यातल्या शुक्रवारी, संध्याकाळी सहाच्या सुमारास, एवढ्यावर ओळख पटेल अशी आशा. तुम्हाला मराठी येत नाही हे माहितीये, पण इंग्रजीत लिहायला बसले की थँक यू सो मचच्या पुढे गाडीच सरकत नाही, म्हणून मराठीत लिहितेय, कोणाकडून तरी वाचून घ्या.

आम्ही नॉर्विचला राहतो. अण्णा पहिल्यांदाच इंग्लंडला आलेले, त्यांची सांगलीकडं पिठाची गिरणी होती, पस्तीस वर्षं चालवली, म्हणून मी हौसेने क्लायच्या त्या जुन्या, पूर्वी वाऱ्यावर दळण दळणाऱ्या पवनचक्कीतच दोन रात्रींचं बुकिंग केलं. म्हटलं गिरणीवाल्याला गिरणीतच ठेवू, खूश होतील. झालं उलटंच. गोल खोल्या, गुबगुबीत गाद्या, सगळ्यात वरच्या खोलीत जायला आपल्या माळ्याला असते तशी शिडी, सगळं बघून झाल्यावर अण्णा म्हणाले, "दगड कुठंयत?" आता काय सांगणार, 1921 साली तिचं सुट्टीतलं घर केलं तेव्हा आतली यंत्रं काढून टाकली आणि दातेरी चाकांचं म्हणे फर्निचर केलं. हे ऐकल्यावर अण्णा जे गप्प झाले ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. (नाश्ता मात्र दोनदा घेतला, ते असो.)

मग मीच शहाणपणा केला, चला समुद्र बघू म्हणून चालत काढलं त्यांना. पवनचक्की ते बीच जवळजवळ दीड किलोमीटर, वाटेत दोन्ही बाजूंना वेताएवढं उंच गवत आणि पाणथळ, ते ठीक होतं, पण तिथे वाळू नाही, नुसते गोटे, पाय टाकला की घसरतो, हे काही मी बघून ठेवलं नव्हतं. अण्णांचा गुडघा बांधावरच आखडला. फोनला रेंज नाही, वारा असा की बोललेलं ऐकू येईना, आणि मला तर रडूच यायला लागलं होतं.

तुम्ही काही न विचारता स्वतःचं घडीचं स्टूल आणून अण्णांच्या मागे ठेवलंत. मग टेलिस्कोप त्यांच्या उंचीला आणून वर वळलेल्या चोचीचा तो काळापांढरा पक्षी, अ‍ॅव्होसेट दाखवलात, आणि ही पाणथळ 1926 मध्ये पक्ष्यांसाठी म्हणून विकत घेतली हेही सांगितलंत. मी "क्ले" म्हणत होते तेव्हा हळूच "क्लाय" असं सुधारलंतही. अण्णा हं हं करत होते. मग मी सांगितलं की हे मिलर आहेत, तर तुम्ही टोपी काढलीत! आणि तुम्ही सुतार, पवनचक्क्यांच्या दुरुस्तीवर काम केलेले, हे कळल्यावर मला दोघांच्या मधे नुसतं भाषांतराचं मशीन होऊन बसावं लागलं.

अण्णांनी विचारलं, वारा फिरला की पाती कोण फिरवतं? तुम्ही पार्किंगच्या पावतीमागे चित्र काढून दाखवलंत, मागच्या बाजूला छोटं पंख्याचं चाक असतं, वारा बाजूने लागला की तेच फिरतं आणि वरचा अख्खा टोप हळूहळू वळवतं, पाती वाऱ्यासमोर आली की आपोआप थांबतं. अण्णा म्हणाले, "म्हणजे माणूस लागत नाही." मग दगडांना टाकी लावण्यावर अर्धा तास. चर बोथट झाले की पीठ तापतं, तुमच्याकडंही हेच, आणि पीठ बारीक झालं की नाही ते चिमटीत धरून बघायचं, तेही हेच! अण्णा म्हणाले, आमच्याकडं लाईट गेली की दळण बंद, यांच्याकडं वारा पडला की. लोडशेडिंग तुम्हाला समजावताना माझी दमछाक झाली, पण हसलात तुम्ही पोट धरून.

नंतर गाडीने दारापर्यंत सोडलंत, शिवाय अण्णांना घेऊन पवनचक्कीला बाहेरून एक चक्कर मारलीत आणि ते मागचं चाक बोटाने दाखवलंत. पैसे विचारले तर रागावलात. त्या रात्री अण्णा अकरापर्यंत बोलत होते, पहिली मोटर किती हॉर्सपॉवरची, दिवाळीत भाजणीच्या डब्यांची रांग कुठपर्यंत जायची, यातलं निम्मं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मला वाटायचं मला सगळं माहितीये.

अण्णा आता घरी पोचलेत. गिरणी चुलतभाऊ चालवतो, तिथे स्विचबोर्डच्या वर तुमची पावती चिकटवलीये, दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला ते चाक समजावून सांगतात, ज्याला घाई असते त्यालाही. आणि काका, चित्र काढताना दिलेला तुमचा निळा पेन चुकून अण्णांच्या खिशातून सांगलीला गेलाय. परत पाठवू का विचारलं तर म्हणाले, राहू दे, ते आले की देऊ.