दादा, तो सात ठिकाणांचा कार्यक्रम रद्द कर

हेरेदिया, कोस्टा रिका

प्रिय दादा,

ती. आई-बाबांना आणि आत्याला साष्टांग नमस्कार. वहिनींना नमस्कार, ओवी-सोहमला गोड पापा.

टूरवाल्यांचा कार्यक्रम मिळाला. आठ दिवसांत सात ठिकाणं! म्हणजे रोज सकाळी अकरा जणांच्या बॅगा भरायच्या, आत्याचं आवरेपर्यंत थांबायचं, मग घाटातून तीन-चार तास गाडी, आणि पोचेपर्यंत दुपारचा पाऊस. ओवीला वाईच्या पुढे गाडी लागते, तिचं इथल्या वळणांवर काय होईल? रविवारी फोनवर तुम्ही सगळे एकदम बोलता, कुणाचंच नीट ऐकू येत नाही, म्हणून निवांत लिहून काढतेय. आईला मोठ्यानं वाचून दाखव.

माझं म्हणणं एवढंच आहे की पाच रात्री ला फोर्तुनाला राहायचं, दोन समुद्रावर, आणि बाकीच्या माझ्याकडे. आपल्यातल्या निम्म्यांना धावपळ हवी आणि निम्म्यांना बसून राहायचंय. सकाळी ज्यानं त्यानं आपापल्या वाटेनं जावं आणि रात्री सगळ्यांनी एका टेबलावर जेवावं, हे जमणारं दुसरं गाव मला इथे सापडलं नाही.

ला फोर्तुना आरेनाल ज्वालामुखीच्या पायथ्याशी आहे. त्या कार्यक्रमात ‘रात्री लाव्हादर्शन’ लिहिलंय, त्यावर काट मार. २०१० पासून डोंगर शांत आहे, लाव्हा दिसत नाही. त्याआधी मात्र चाळीसेक वर्षं तो धगधगत होता. २९ जुलै १९६८ ला अचानक फुटला, तीन वस्त्या गेल्या, ८७ माणसं दगावली. तोवर इथले लोक त्याला साधा डोंगरच समजत होते. आता नुसता त्रिकोणी सुळका दिसतो, तोही ढगांनी दाखवला तर. पहाटे उठलं तर बरेचदा मोकळा मिळतो. बाबा तसेही पाचला उठतात, त्यांना खोली डोंगराच्या बाजूची घेऊ.

डोंगर थंडावला तरी पोटात ऊब आहेच, त्यामुळे गरम पाण्याची कुंडं गावाबाहेर रांगेनं आहेत. वज्रेश्वरीसारखी कुंडं मनात आणू नका, ताबाकोनला अख्खी नदीच गरम वाहते. तिथल्या रिसॉर्टचं तिकीट अकरा जणांना परवडणारं नाही. त्याच नदीचा थोडा खालचा भाग रस्त्यालगत सगळ्यांना खुला आहे, पैसे लागत नाहीत, पण दगड निसरडे आणि पाण्याला ओढ. तू, सोहम आणि मामांची मुलं तिथे जा. आई, आत्या, मामींना पायऱ्या आणि कठडे असलेल्या एखाद्या मधल्या दराच्या ठिकाणी नेऊ. साडी नेसून पाण्यात उतरू देत नाहीत, तेव्हा आत्यासाठी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख तिकडूनच घ्या. ती आधी नाही म्हणेल, मग सगळ्यांत शेवटी बाहेर येईल.

ला फोर्तुनाच्या धबधब्याचं सांगते. साधारण सत्तर मीटरवरून एकच धार कोसळते आणि खाली हिरवंगार पाणी. उतरायला पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि तेवढ्याच परत चढायच्या. आईच्या गुडघ्यांनी नाद सोडावा. वरच्या कठड्यावरून धबधबा पूर्ण दिसतो, बाकडी आहेत, कॉफी मिळते. बाबांना मात्र अडवू नकोस, ज्योतिबाच्या पायऱ्या चढणारा माणूस आहे.

सगळ्यांनी मिळून करायचं असेल तर झुलते पूल. जंगलाच्या माथ्यावरून लोखंडी पूल टांगलेत, मधली वाट फरसबंद आहे, तीनेक किलोमीटरचा फेरा सावकाश चालायचा. इथे गाइड घ्यायचाच, त्यात काटकसर नको. आपल्या डोळ्यांना नुसती हिरवी भिंत दिसते. आमचा गाइड बोलता बोलता थांबला, तिकाटण्यावर दुर्बीण लावली आणि म्हणाला, बघा. वर फांदीच्या बेचक्यात काथ्याचा ओला गोळा अडकल्यासारखं काहीतरी. मग त्या गोळ्यातून एक हात निघाला, तीन लांब नख्या, आणि तो हात शेजारच्या पानापर्यंत पोचेस्तोवर आमच्यातल्या एकाचा चहा पिऊन झाला. हा स्लॉथ. इथे त्याला पेरेसोसो म्हणतात, म्हणजे आळशी. केसांत शेवाळ वाढतं म्हणून अंगावर हिरवट झाक. आठवड्यातून साधारण एकदा झाडावरून खाली येतो, तेही शौचाला. सोहमला हे सांग, त्याला इतर कशापेक्षा हेच लक्षात राहील. गाइड तुमचा मोबाइल दुर्बिणीला लावून फोटो काढून देतो. प्राण्यांना हातात घेऊन फोटो काढायचा नाही आणि खायला घालायचं नाही, यावर इथे सगळेच कडक आहेत.

राजधानी सान होसेहून ला फोर्तुनाला जायला तीन तास लागतात, पण बाबांसाठी वाटेत सार्चीला थांबू. रंगवलेल्या बैलगाड्यांचं हे गाव. पूर्वी कॉफी याच गाड्यांतून डोंगर उतरून पुंतारेनास बंदराला जायची, दहा-पंधरा दिवस लागायचे. चिखलात रुतू नये म्हणून चाकाला आरे नाहीत, भरीव लाकडी चाक, आणि त्यावर कंपासनं आखल्यासारखी बारीक नक्षी. प्रत्येक गाडीचा आवाज वेगळा असावा अशी बनवणाऱ्यांची हौस असायची; गाडी कुणाची ते लांबून कळायचं. युनेस्कोनं २००५ मध्ये या परंपरेची दखल घेतली. आता गाड्या दिवाणखान्यात आणि मिरवणुकीतच जास्त. बेंदराला आपण बैलांची शिंगं रंगवतो, हे लोक गाडीच रंगवतात. बाबांनी त्या कारागिरांशी मराठीत बोलायला सुरुवात केली तरी चालेल, मी मध्ये राहीन. त्याच रस्त्यावर पुढे सारसेरोला चर्चसमोरच्या बागेत झुडपं कापून हत्ती-बैल केलेत. तिथे ओवीला गाडीतून उतरवून मोकळी हवा देऊ.

मोंतेव्हेर्दे मी काढून टाकलंय आणि त्याचं मलाच वाईट वाटतं. ढगांत बुडालेलं जंगल आहे ते. अमेरिकेतल्या अलाबामातले काही क्वेकर, सैन्यात जाणं धर्माविरुद्ध मानणारे लोक, सक्तीची भरती नको म्हणून १९५१ च्या सुमारास तिथे येऊन राहिले; कोस्टा रिकानं १९४८ मध्येच सैन्य बरखास्त केलं होतं. त्यांनी गाई पाळल्या, चीज करून विकलं आणि पाण्याचे उगम राखायला वरचं जंगल तोडलं नाही. बाबांना ही गोष्ट आवडेल. पण रस्ता खडतर, धुकं आणि गार वारा, त्यात आत्याचा दमा. सोहम झिपलाइनसाठी रडेल, तर ती ला फोर्तुनालाही आहे.

समुद्रासाठी मान्युएल आंतोनियो हे राष्ट्रीय उद्यान. जंगल थेट वाळूवर उतरतं, त्यामुळे एकाच फेरीत माकडं, घोरपडीचे भाऊबंद इग्वाना आणि पोहणं, तिन्ही उरकतं. उद्यान मंगळवारी बंद असतं. तिकिटं फक्त ऑनलाइन, वेळ ठरवून, आणि अकरा तिकिटं एका वेळेची मिळायची तर आधीच काढावी लागतील. ते मी बघते. वहिनींना सांग, दशम्या आणि चिवडा हॉटेलवरच ठेवायचा, गेटवर पिशव्या उघडून बघतात. ते बरंच आहे. पांढऱ्या तोंडाची माकडं महाबळेश्वरच्या माकडांपेक्षा लबाड आहेत, पिशवीची चेन उघडतात.

जेवणाची काळजी आत्यानं करू नये. सकाळी गायो पिंतो, म्हणजे भात आणि काळा घेवडा परतलेला, सोबत तळलेली पिकली केळी. कुठे कुठे घेवड्यात चरबी घालतात, तेवढं मी विचारत जाईन. उपवासाला पपई, अननस, रताळी आणि युका. युका म्हणजे तेच कंद, ज्याचा आपला साबुदाणा होतो. इथे उकडून किंवा तळून देतात. शहाळंही मिळतं, त्याला पिपा म्हणतात.

आता तारखा. दिवाळीच्या सुट्टीत येऊ नका, ऑक्टोबर म्हणजे इथला धो धो महिना. मुलांच्या परीक्षा झाल्या की एप्रिलच्या शेवटी या, ईस्टरचा आठवडा टाळून. उन्हाळा तेव्हा संपत आलेला असतो, तरी ला फोर्तुनाला छत्री लागणारच, तिथे बाराही महिने पाऊस आहे. तुझ्या आणि वहिनींच्या पासपोर्टवर अमेरिकेचा मल्टिपल एंट्री व्हिसा आहे, तुम्हाला इथला वेगळा लागणार नाही. बाकीच्यांचा अर्ज दिल्लीतल्या कोस्टा रिकाच्या दूतावासाकडे आत्ताच करा, शेवटच्या क्षणी धावाधाव नको.

गाडी ड्रायव्हरसकट भाड्यानं घेऊ, मिनीबस. तू चालवतो म्हणशील, पण इथे पत्ते ‘चर्चच्या उत्तरेला दोनशे मीटर’ असे असतात.

मला फक्त दोन गोष्टी कळव. मामांचं नक्की आहे का, आणि आईला तळमजल्याची खोली हवी की लिफ्ट चालेल. घरं बघून ठेवलीत, अकरा जणांचं एकत्र स्वयंपाकघर असलेलं फार मिळत नाही.

तुझी,
नंदू

ता. क. – नवा ड्रोन घरीच ठेव. राष्ट्रीय उद्यानांत बंदी आहे.